रात्री भूल कोण देणार?

(कुडाळ येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'वैद्यकीय पर्यटन आणि आपली आरोग्यसेवा'. पर्यटन म्हटलं की आपल्या जिल्ह्याचे कान टवकारतात. १९९७ साली सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला, आणि आता चिपी आणि मोपा असे दोन विमानतळ हाताशी आहेत. तेव्हा इथे मोठं हॉस्पिटल काढावं, परदेशी पेशंट आणावेत, ही चर्चा तुमच्याही कानावर आली असेल.

पण मी आधी तुम्हालाच विचारतो. घरातलं माणूस घेऊन रात्री गोव्याच्या बांबोळीला, तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात गेलेले किती जण आहेत इथे? हात वर करा. बघा, मागच्या रांगेतल्या ताईंनी तर दोन्ही हात वर केलेत! म्हणजे वैद्यकीय प्रवास आपल्याला कोणी शिकवायला नको. चाकरमानी गणपतीला गावी येतो आणि गावचा पेशंट बारा महिने चाकरमान्याकडे जातो. परळ-लालबागच्या दहा बाय दहाच्या खोल्यांनी कोकणातले किती कॅन्सरचे रुग्ण सांभाळले, याची नोंद कुठल्याच सरकारी कागदावर नाही. त्या घरांतल्या बायकांनी पथ्याची पेज शिजवली, केईएम आणि टाटाच्या रांगा धरल्या. त्यांच्यावर खरं तर वेगळं व्याख्यान व्हायला हवं.

माझ्या शेजारच्या वाडीतली गोष्ट सांगतो. पहिलटकरीण, रात्रीची वेळ, कळा थांबलेल्या, बाळाचे ठोके मंदावत चाललेले. रुग्णालयात ऑपरेशन थिएटर होतं, सिझर करणाऱ्या डॉक्टरबाईही हजर होत्या. भूलतज्ज्ञ नव्हता. बाईंनी चार ठिकाणी फोन लावले आणि शेवटी कागदावर लिहिलं, 'पुढे न्या'. सासू रडत म्हणत होती, "डॉक्टरीणबाय, हयच काय ता करा, तिका आता खंय व्हरतलंव?" बाई तरी काय करणार? भूल दिल्याशिवाय पोट उघडता येत नाही. १०८ आली, गाडी गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या पुढे गेली. आई वाचली. बाळ गेलं.

आता पुढचं ऐका. त्या रुग्णालयात पूर्वी एक भूलतज्ज्ञ होते. हुशार, मायाळू. ते मुंबईतल्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात गेले. पुढे माझी त्यांची भेट झाली. त्या हॉस्पिटलात परदेशी रुग्णांसाठी वेगळा विभाग, अरबी बोलणारे दुभाषे. गुडघा बदलायला ओमानहून माणसं येतात. मी त्यांना दोष दिला नाही, आजही देत नाही. ते म्हणाले, "तिथे मी एकटा होतो. दिवसरात्र. मदतीला कोणी नाही, राहायला धड खोली नाही." इथे राबवून घेतलं, पण कोणी त्यांना धरून ठेवलं नाही.

आणि त्या परदेशी रुग्णावरही माझा राग नाही. येमेनमधून, इराकमधून, बांगलादेशातून येणारा माणूस 'पुढे न्या' ऐकूनच निघालेला असतो. त्या सासूचं आणि त्याचं दुखणं एकच. फरक इतकाच की तो डॉलर आणतो.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दे आता भराभर सांगतो.

२००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने परदेशी रुग्णांकडून मिळणाऱ्या परकीय चलनाला निर्यातीसारख्या सवलती देण्याची भूमिका घेतली. आंबा निर्यात केला तर पुढच्या वर्षी झाड पुन्हा मोहरतं. भूलतज्ज्ञ घडायला एमबीबीएस धरून आठ-नऊ वर्षं लागतात, आणि त्यातले बरेच जण सरकारी कॉलेजात, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून शिकलेले असतात. सवलत देताना हा खर्च कोणी मोजला?

दुसरं, खाटा. महाराष्ट्रात धर्मादाय हॉस्पिटलांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना आहे ती. मुंबईला पेशंट नेलात तर उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा आणि तिथल्या समाजसेवा विभागात हक्काने मागा. लाजू नका.

तिसरं, गोवा. २०१८ च्या जानेवारीत बांबोळीला परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागलं, आपल्याकडे आंदोलनं झाली. पण गोव्याच्या करदात्याने आपला भार किती काळ उचलायचा? आता आपल्याच जिल्ह्यात, ओरोसला, सरकारी मेडिकल कॉलेज आलंय. तिथली पदं भरून घ्यायला आंदोलन करा.

आणि माझी मागणी. परदेशी रुग्णांच्या नावावर जमीन, कर, कसलीही सवलत घेणाऱ्या हॉस्पिटलने आपले भूलतज्ज्ञ, सर्जन, बालरोगतज्ज्ञ ठरलेल्या पाळीने उपजिल्हा रुग्णालयात पाठवले पाहिजेत, रात्रपाळीसकट. हे करारात लिहून घ्या. राहायला चांगलं घर आपण देऊ, जेवणाची तर कोकणात काळजीच नको. जिल्ह्यात असा प्रकल्प आला, तर जाहीर सुनावणीला ही अट लेखी द्या. मसुदा मी आणलाय, दाराजवळच्या टेबलावर आहे, जाताना सह्या करा.