६५–७ झालं, पण वेको विसरू नका

नमस्कार मंडळी!

सोमवारी रात्री, ९ जानेवारी २०२३ ला, अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात, लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवूडमध्ये, आपल्या टेक्ससमधल्या फोर्ट वर्थच्या टीसीयूचं (टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटीच्या संघाचं) काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहेच. जॉर्जिया ६५, टीसीयू ७. मध्यंतरालाच ३८–७ झालं होतं. कुठल्याही बोल गेममध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात, ५८ गुणांनी हरण्याची वेळ तोवर कुठल्याच संघावर आली नव्हती. त्यानंतर जिथे जावं तिथे एकच सूर ऐकू यायचा, 'यांची तिथवर जायची लायकीच नव्हती.' हे मला साफ नामंजूर आहे.

लायकीच बघायची असेल तर त्याच हंगामातला, १९ नोव्हेंबर २०२२ चा, टेक्ससमधल्या वेको शहरातला सामना आठवा. ब्रेझोस नदीकाठचं स्टेडियम, समोर तिथल्याच बेलर युनिव्हर्सिटीचा संघ, म्हणजे शेजारचंच जुनं वैर. टीसीयू तोवर एकही सामना हरलेली नव्हती. चौथ्या क्वार्टरमध्ये बेलर २८–२० असं पुढे गेलं. शेवटची दोनेक मिनिटं उरली असताना टीसीयूनं टचडाउन केलं, म्हणजे सहा गुण मिळवले, बरोबरीसाठी दोन गुणांचा प्रयत्न केला आणि तो फसला. २८–२६. तिथे सगळं संपल्यासारखंच होतं. पण बचावफळीनं बेलरला रोखून चेंडू परत मिळवला, आणि क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं सांभाळणारा खेळाडू, मॅक्स डगननं संघाला पुढे नेलं. टाइमआउट, म्हणजे घड्याळ थांबवून घ्यायची संधी, मात्र एकही शिल्लक नव्हता. एकही नाही!

आणि अशा वेळी त्यांनी काय केलं? चेंडू एमारी डेमरकाडोच्या हातात देऊन त्याला पळवलं. तो कडेच्या रेषेबाहेर न जाता मैदानाच्या आतच पडला, त्यामुळे घड्याळ चालूच राहिलं. बघणाऱ्याला वाटावं, यांना वेड लागलंय. तेवढ्यात कडेवरून किक मारणारी तुकडी धावत आत आली आणि आक्रमणाची तुकडी धावत बाहेर निघाली. दोन्ही दिशांनी धिप्पाड पोरं सुसाट पळतायत, कुणी कुणाला धडकत नाही, जो तो आपल्या जागी जाऊन उभा. चेंडू मागे फेकला गेला, तो धरणाऱ्यानं जमिनीवर टेकवला, ग्रिफिन केलनं लाथ मारली. ४० यार्ड. चेंडू खांबांमधून गेला, तीन गुण, आणि घड्याळात शून्य! २९–२८.

लोक म्हणाले, नशीब. नशीब कसलं? ही धावपळ हा संघ दर आठवड्याला सरावात घोटून घेत होता. पुन्हा सांगतो, दर आठवड्याला. मुलांना गाण्याच्या, तबल्याच्या क्लासला घालता ना? मग महिन्याभरात स्टेजवर चढवायची घाई करू नका, पलटे घोटू द्या. असो.

आता बाकीचं थोडक्यात. आदल्या वर्षी याच टीसीयूनं ५ सामने जिंकले आणि ७ हरले होते. सनी डाइक्स यांचं टीसीयूचे प्रशिक्षक म्हणून ते पहिलंच वर्ष. डगनला तर हंगामाच्या सुरुवातीला बाकावर बसवलं होतं. पहिल्याच सामन्यात दुसऱ्या क्वार्टरबॅकला दुखापत झाली, हा आत आला आणि हाइझमनच्या, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराच्या, मतदानात दुसरा ठरला. ३१ डिसेंबरला प्लेऑफच्या, म्हणजे अजिंक्यपदासाठीच्या बाद फेरीच्या, उपांत्य सामन्यात त्यांनी मिशिगनला ५१–४५ असं हरवलं. प्लेऑफमधला सामना जिंकणारा टेक्ससमधला तो पहिलाच संघ. त्यांचा चेंडू घेऊन पळणारा मुख्य खेळाडू केंड्रे मिलर त्यात जखमी झाला, तेव्हा त्याच्या जागी आलेला डेमरकाडो, तोच वेकोचा डेमरकाडो, १५० यार्ड धावला.

आणि अंतिम सामन्यात समोर होतं कोण? आदल्या वर्षीचा विजेता. जॉर्जियाचे १५ खेळाडू २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या निवडीत, व्यावसायिक लीग एनएफएलच्या संघांनी उचलले, तरी त्या हंगामात तो संघ १५ पैकी १५ जिंकला. याच जॉर्जियानं २०१८ च्या जानेवारीत अलाबामाविरुद्ध मध्यंतरापर्यंत १३–० अशी आघाडी घेतली होती, आणि जादा वेळेत ४१ यार्डांच्या एका पासवर अजिंक्यपद घालवलं होतं. ते मिळवायला त्यांना पुढची चार वर्षं लागली.

म्हणून मंडळी, टीसीयूचा जांभळा शर्ट कपाटात कोंबू नका. १३ विजय आहेत त्या शर्टावर, तेरा! आणि घरी पोरं असतील तर त्यांना वेकोची ती शेवटची किक नक्की दाखवा. दाखवताना सांगा, केलकडे नंतर बघा, आधी मैदानातून बाहेर पळणाऱ्यांकडे बघा.

नमस्कार.