बैठक किती खाली?

पहाटेचे पाच. कोल्हापुरातली तालीम. बाहेर अजून अंधार आहे, आत बैठका सुरू झाल्यात.

या पैलवानाच्या टाचांकडे बघा. खाली जाताना त्या उचलल्या जातात, गुडघे पूर्ण दुमडतात, मांडी पोटरीला टेकते. तो तळाशी रेंगाळत नाही, लगेच वर येतो. कडेला उभ्या असलेल्या वस्तादांची नजर त्या तळावरच आहे. अर्धी बैठक त्यांच्या मोजणीत धरली जात नाही.

आता हे जिम. खांद्यावर बारबेल, दोन्हीकडे प्लेटा. गुडघे जरासे वाकले, की झाला एक स्क्वॉट. आरशात रुबाबदार दिसतो, हे मान्य.

जपानी संशोधकांनी 2019 साली याच दोन प्रकारांची तुलना प्रसिद्ध केली. 17 तरुण, 10 आठवडे, आठवड्यातून 2 दिवस. एका गटाचे गुडघे 90 अंशांपर्यंत वाकायचे, दुसऱ्याचे 140. स्नायूंचं आकारमान एमआरआयवर मोजलं. मांडीचा पुढचा भाग दोघांचाही सारखाच वाढला, 5 टक्क्यांच्या आसपास. फरक पडला मागे. खोल बसणाऱ्यांचे नितंबाचे स्नायू 6.7 टक्क्यांनी वाढले, अर्ध्यावरून परतणाऱ्यांचे 2.2.

पैलवान तळाशी आहे, तिथेच चित्र थांबवू. मांडी पोटाला भिडली आहे, त्यामुळे नितंबाचा स्नायू लांब ताणला गेलाय. उठायचं ते या ताणातूनच. ताणलेल्या स्नायूनं ओझं पेललं की तंतूंवर जास्त ओढ येते. वाढीला चालना बहुधा तिथूनच मिळते.

पोटरीची गोष्ट आणखी मजेशीर. ब्राझीलमध्ये 42 तरुणींनी 8 आठवडे टाचा उचलण्याचा व्यायाम केला. ज्यांनी फक्त खालच्या, ताणाच्या टप्प्यात हालचाल केली, त्यांची आतल्या बाजूची पोटरी 15 टक्क्यांनी वाढली. पूर्ण हालचाल करणाऱ्यांची त्याच्या निम्मीही नाही. म्हणजे अर्ध्यालाही हरकत नाही, पण ते अर्धं खालचं हवं.

या पैलवानाच्या खांद्यावर लोखंड नाही, आणि शेकड्यांनी बैठका दमासाठीही असतात. ते आकडे त्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. गुडघा दुखत असेल, तर खोली आपल्या बेतानं.

तालमीत आता जोर सुरू झालेत. एकानं दोन्ही हातांखाली विटा घेतल्यात. छाती हातांच्याही खाली जाते.