खट्: शेजारचा तारा

[वेंगुर्ल्याचा किनारा, रात्र. लाटांचा आवाज.]

मे महिना, रात्रीचे अकरा. खाली लुकलुकतायत ते होड्यांचे दिवे. त्यांच्या वर, दक्षिण क्षितिजापासून जेमतेम मूठभर उंचीवर, मित्र आणि मित्रक हे दोन तारे. डावीकडचा जास्त तेजस्वी, तो मित्र. त्याच्या किंचित खाली, उजव्या अंगाला आणखी एक तारा आहे. कॅमेऱ्याला तो सापडला नाही.

प्रॉक्सिमा सेंटॉरी. सूर्य सोडला तर आपल्याला सगळ्यात जवळचा तारा, 4.24 प्रकाशवर्षांवर. पण हा लाल बटू, म्हणजे लहान, मंद तारा, सूर्याच्या आठव्या हिश्श्याच्या वस्तुमानाचा. नुसत्या डोळ्यांना दिसणं शक्यच नाही.

[काचेची प्लेट, अगदी जवळून.]

मग सापडला कसा? अशा काचेवर घेतलेल्या फोटोत. ही प्लेट शोध लावणाऱ्याची नव्हे, पण पद्धत हीच. आकाश पांढरं, तारे काळे. शाईचे शिंतोडे उडावेत तसे.

1915, जोहान्सबर्ग. रॉबर्ट इनिस वेधशाळेचे प्रमुख झाले होते. त्याआधी सिडनीत दारूचा व्यापार करायचे. त्यांच्यासमोर आकाशाच्या एकाच तुकड्याच्या दोन प्लेटा, पाच वर्षांच्या अंतराने घेतलेल्या. दोन्ही प्लेटा आलटून पालटून दाखवणाऱ्या यंत्राच्या भिंगाला डोळा लावायचा. खट्, 1910. खट्, 1915. पुन्हा 1910. हजारो ठिपके जागच्या जागी, आणि त्यांतला एकच इकडून तिकडे उडी मारतो.

1910ची काच कुणी फेकून दिली असती, तर ती उडी दिसलीच नसती.

[ला सिया वेधशाळा, चिली. घुमट उघडतो.]

एकविसाव्या शतकातही शोध जुन्या नोंदींवरच उभा राहिला. ताऱ्याच्या प्रकाशात एक बारीक डुलणं दिसत होतं, पण खात्री नव्हती. 2016च्या जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत, जमेल त्या प्रत्येक रात्री, 3.6 मीटरची ही दुर्बीण त्याच्याकडे वळली. तारा कधी आपल्या दिशेने येतो, कधी मागे सरतो. वेग ताशी पाच किलोमीटर, म्हणजे आपण बाजारात चालत जातो तेवढा. दर 11.2 दिवसांनी तोच ताल. ऑगस्टमध्ये जाहीर झालं: ताऱ्याला ओढणारा ग्रह आहे, वस्तुमान निदान पृथ्वीएवढं.

तिथे पाणी असेल का? ताऱ्यापासूनचं अंतर पाहिलं तर शक्य आहे. पण 2019 मध्ये या ताऱ्याचा असा भडका उडाला, की अतिनील प्रकाशात तो काही सेकंद 14,000 पट उजळला.

[पुन्हा किनारा.]

2022 मध्ये आणखी एका ग्रहाची नोंद झाली, वस्तुमानाने पृथ्वीच्या साधारण चौथाईएवढ्या. त्याची पुसट चाहूल 2020च्या निरीक्षणांतच लागली होती.

[होड्या परततात. निवेदन नाही.]