प्रिंट काढणारा माणूस कुठे गेला?

नमस्कार श्रोतेहो.

वर्षानुवर्षं फिल्मवर पोर्ट्रेट काढणारा फोटोग्राफर डिजिटलकडे वळतो, तेव्हा आधी मेगापिक्सेलची चौकशी करतो. 1999 साली निकॉन डी1 हा डिजिटल कॅमेरा आला तेव्हा ही काळजी रास्त होती. त्यात जेमतेम 27 लाख पिक्सेल होते. आठ बाय दहा इंचांच्या प्रिंटला, इंचाला 300 पिक्सेल धरले, तर सुमारे 72 लाख लागतात. आज तेवढे कुठल्याही व्यावसायिक कॅमेऱ्यात मिळतात आणि वर बरेच उरतात. खरी अडचण येते ती उजेड मोजताना, आणि त्याहून जास्त प्रिंट काढताना.

आधी उजेडाचं बोलू. कलर निगेटिव्ह फिल्म फार सांभाळून घेते. एखादा स्टॉप उजेड जास्त, म्हणजे दुप्पट, पडला, तरी कपाळावरची, नाकाच्या शेंड्यावरची त्वचा तिच्यात शाबूत राहते. म्हणून कितीतरी पोर्ट्रेटवाले मुद्दामच एक्स्पोजर थोडं चढं ठेवायचे. सावल्या भरून यायच्या. तीच सवय डिजिटलवर नेलीत तर घात होतो. सेन्सरचा पिक्सेल एकदा काठोकाठ भरला की त्यापुढची नोंदच होत नाही. चेहऱ्यावर तर लाल रंग सगळ्यांत आधी भरतो, म्हणून कपाळावर पांढरा चट्टा उमटतो आणि त्याच्या कडेला त्वचा पिवळट दिसते. तो चट्टा संगणकावर गडद करायला जा, करडा होईल, पण त्वचा परत येणार नाही. उलट रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, सावलीतला तपशील बराच वर काढता येतो. तेव्हा एक्स्पोजर कपाळाकडे बघून ठरवा आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजळ-गडद पिक्सेलचा आलेख, तिन्ही रंगांचा वेगवेगळा पाहा. काम रॉमध्येच करा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. चेहऱ्यावर उजेडातून सावलीत जाणारी हळुवार उतरण याच पायऱ्यांवर उभी असते.

आता प्रिंट. कलर निगेटिव्ह उलटी, वर नारिंगी झाक असलेली. ती पाहून चेहऱ्याचा खरा रंग कोण सांगणार? तो लॅबमधला प्रिंट काढणारा माणूस ठरवायचा. थोडा पिवळा वाढव, थोडा किरमिजी कमी कर, प्रिंट अर्धी पायरी गडद कर, असं डोळ्यांनी पारखून तो काम करायचा. आपल्या पोर्ट्रेटच्या त्वचेचं कौतुक झालं, त्यात त्याचा मोठा वाटा होता, आणि त्याचं नाव कुठेच आलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. डिजिटलमध्ये कागद फारसा बदलला नाही. अनेक लॅबमध्ये आजही प्रकाशसंवेदी कलर पेपरच असतो, फक्त त्यावर लेझरने प्रकाश पाडतात. बदलला तो निर्णय घेणारा. ते काम आता फोटोग्राफरकडे आलंय.

हे काम पडद्यापासून सुरू होतं. नवा मॉनिटर बहुधा डोळे दिपतील इतका उजळ असतो. त्यावर चेहरा छान दिसतो म्हणून फाइल पाठवावी, तर प्रिंट काळवंडलेली येते. लॅबला दोष देण्याआधी पडद्याला कॅलिब्रेटर, म्हणजे रंग मोजून पडदा जुळवणारं उपकरण, लावा. उजळपणा 100 ते 120 कँडेला प्रति चौरस मीटर, पांढरा रंग 6500 केल्विन, इथून सुरुवात करा. फाइल कुठल्या कलर स्पेसमध्ये, म्हणजे रंगांच्या कुठल्या ठरलेल्या व्याप्तीत, हवी ते लॅबला विचारा. बहुतेक ठिकाणी एसआरजीबी चालतं. अडोबी आरजीबी या दुसऱ्या कलर स्पेसमधली फाइल पाठवली आणि मशीनने प्रोफाइल, म्हणजे फाइलमधली कलर स्पेसची नोंद, वाचलंच नाही, तर गाल फिकुटतात, ओठांतलं रक्त गेल्यासारखं वाटतं.

कृष्णधवल पोर्ट्रेटचं म्हणाल, तर स्वतःची डार्करूम असलेल्यांनी फिल्म सोडण्याची घाई करू नये असं माझं मत आहे. तिथे प्रिंट काढणारे तुम्हीच होता आणि तुम्हीच राहाल.

रंगीत काम करणाऱ्यांनी मात्र एक चाचणी फाइल तयार ठेवावी. तिच्यात एक गोरा चेहरा, एक सावळा, काळेभोर केस आणि पांढरं कापड असावं. लॅब किंवा कागद बदलला की आधी तिची छोटी प्रिंट मागवा, आणि ऑर्डर देताना आपोआप होणारी रंगदुरुस्ती बंद ठेवायला सांगा. आलेली प्रिंट पिवळ्या दिव्याखाली पारखू नका, खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात धरा. केसांत बटा वेगळ्या दिसतात का, कापडाची वीण दिसते का, दोन्ही चेहऱ्यांचा रंग पटतो का, हे पाहा आणि मगच मोठ्या प्रिंटची ऑर्डर द्या.

नमस्कार.