लाट आली तरी गाणं थांबलं नाही

२५ जानेवारी १७३६. अटलांटिक महासागर. इंग्लंडहून अमेरिकेतल्या जॉर्जिया या इंग्रज वसाहतीकडे निघालेलं 'सिमंड्स' जहाज वादळात सापडलंय. जहाजावरच्या जर्मन मोरेव्हियन (एक प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथ) कुटुंबांची उपासना चालू आहे. स्तोत्राला सुरुवात होते न होते तोच एक लाट जहाज झाकून टाकते. मुख्य शीड फाटून चिंध्या होतं, पाणी आत घुसतं. इंग्रज प्रवासी किंचाळतात. मोरेव्हियन गातच राहतात.

बत्तीस वर्षांचे धर्मगुरू जॉन वेस्ली हे पाहत होते. नंतर त्यांनी एकाला विचारलं, "भीती नाही वाटली?"

"देवाची कृपा, नाही वाटली."

"आणि बायकामुलांना?"

"ती मरणाला भीत नाहीत."

वेस्ली मात्र भ्यायले होते. खरं तर साधनेत ते कुठे कमी नव्हते. ऑक्सफर्डमध्ये पहाटेची प्रार्थना, बुधवार-शुक्रवारचे उपास, कैद्यांच्या भेटी, स्वतःच्या वागण्याचा वहीत हिशेब. लोक चेष्टेने 'मेथडिस्ट', म्हणजे पद्धतवाले, म्हणत. एवढं करूनही मरण दिसताच गाठीची पुण्याई कामी आली नाही. पुढे जॉर्जियातलं धर्मप्रसाराचं कामही फसलं. परतताना त्यांनी लिहिलं : तिथल्या मूळ रहिवाशांचं धर्मपरिवर्तन करायला गेलो, पण माझं कोण करणार?

२४ मे १७३८. लंडन, ऑल्डर्सगेट स्ट्रीट. मनात नसताना वेस्ली एका सभेला गेले. बायबलमधल्या रोमकरांस पत्रावरची, धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची प्रस्तावना कुणीतरी वाचत होतं. पावणेनऊच्या सुमारास त्यांच्या मनाला ऊब आली; त्यांना जाणवलं, आता आपली भिस्त ख्रिस्तावर आहे, फक्त ख्रिस्तावर. ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने इफिस शहरातल्या ख्रिस्ती लोकांना हेच लिहिलं होतं : तारण (पापातून सुटका) कृपेने, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान आहे, कर्मांचं फळ नव्हे, म्हणून कुणी आढ्यता बाळगू नये.

गोष्ट इथेच संपवायचा मोह होतो. पण जानेवारी १७३९ मध्ये याच वेस्लींनी लिहिलं, मी अजून ख्रिस्ती नाही. हा कबुलीजबाब मला त्या संध्याकाळपेक्षा मोलाचा वाटतो. मनाला आलेल्या उबेवर भिस्त ठेवली, तर तीही आपलीच कमाई होऊन बसते. ऊब ओसरली, की पुन्हा हिशेबाची वही.

शिस्त त्यांनी सोडली नाही. पण ती आता तारणाची किंमत नव्हती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिस्टलजवळ ते उघड्यावर प्रवचन करू लागले. समोर किंग्जवुडचे कोळसा खाणकामगार, चर्चशी फारसा संबंध नसलेले. आधी सुधारा, मग देवाकडे या, अशी अट वेस्लींनी त्यांना घातली नाही.