तार्सकर पौल: गाव कुठलं आणि कागद कुठला

नमस्कार मंडळी. एसटीत शेजारी येऊन बसलेला माणूस आपल्याला आधी काय विचारतो? कुठले तुम्ही. नाव-बिव नंतर, आधी गाव. आणि आपली कितीतरी आडनावं म्हणजे या प्रश्नाचं रेडीमेड उत्तरच आहे, नागपूरकर, पंढरपूरकर, सातारकर. मराठी बायबल वाचणाऱ्यांना ठाऊक असेल, त्यात एका माणसाला असंच 'कर' लावलंय, तार्सकर शौल. तोच पुढे पौल म्हणून जगाला माहीत झाला, ख्रिस्ताचा संदेश घेऊन पायी आणि जहाजाने निम्म्या रोमन साम्राज्यात फिरलेला, पत्रांवर पत्रं लिहिणारा प्रेषित. त्याच्या शिकवणुकीवर प्रवचनं पुष्कळ होतात, मी आज ते काही करणार नाहीये. मला फक्त दोन साध्या गोष्टी बोलायच्यात, त्याचं गाव कुठलं आणि तो कागदोपत्री नागरिक कुठला. कारण या दोन गोष्टी त्याने एकाच दिवशी, एकाच ऑफिसरच्या ताब्यात असताना सांगितल्या, आणि दोन्हींचा परिणाम पार वेगवेगळा झाला.

प्रसंग यरुशलेमचा, साधारण इ.स. 57 चा. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात तो आलाय. पौल मंदिरात गेलेला असतो आणि कुणीतरी बोंब ठोकतं की याने परक्या, यहूदी नसलेल्या माणसाला आतल्या अंगणात आणलं. आता तिथे कठडा होता आणि त्यावर ग्रीक भाषेत पाटी होती, परक्याने पुढे पाऊल टाकलं तर होणाऱ्या मरणाला तो स्वतः जबाबदार. ही पाटी काही दंतकथा नाही हां, तसला एक अख्खा दगड 1871 साली सापडला आणि तो आज इस्तंबूलच्या म्युझियममध्ये आहे. तर झालं काय की जमावाने पौलाला बाहेर ओढून मारायला घेतलं, मंदिराला लागून रोमन शिपायांचा गढीवजा तळ होता तिथून सरदार शिपाई घेऊन धावत खाली आला, आणि गर्दी इतकी अंगावर येत होती की शिपायांनी पौलाला अक्षरशः उचलून जिन्यावरून वर नेलं.

आणि या अवस्थेत, अंगावर मार, कपड्यांची लक्तरं झाली असतील, हा माणूस सरदाराला ग्रीकमध्ये विचारतो, मी आपल्याशी दोन शब्द बोलू का? सरदार चाट पडतो. तुला ग्रीक येतं? मग मध्यंतरी बंड करून चार हजार लोक रानात घेऊन गेलेला तो मिसरी तू नव्हेस? तेव्हा पौल म्हणतो, मी यहूदी आहे, किलिकियातल्या तार्सचा, आणि आमचं शहर काही ऐरंगैरं नाही.

मला हे वाक्य फार आवडतं. लोक जीव घ्यायला निघालेत आणि याला गावाची शान सांगायचीय!

पण खरंच शान होती बरं का. तार्स आज तुर्कस्तानच्या दक्षिणेला मेर्सिन प्रांतात आहे, नाव अजून जवळपास तेच, तार्सूस. मागे टॉरस पर्वत, त्यातून एक अरुंद खिंड, किलिकियाचे दरवाजे म्हणायचे तिला, आणि पठारावरून सीरियाकडे उतरणारा व्यापारी असो की फौज, सगळ्यांना त्या खिंडीतून येऊन तार्सलाच टेकावं लागायचं, म्हणजे आपल्या खंडाळ्याच्या घाटासारखी नाकेबंदीची जागा. गावाच्या मधोमध किडनस नदी, डोंगरातून येणारी, थंडगार. इ.स.पू. 333 मध्ये सिकंदर घामाघूम होऊन तिच्यात उतरला आणि असा आजारी पडला की मोहीमच अडकली. याच नदीतून इ.स.पू. 41 मध्ये क्लिओपात्रा नटवलेल्या नावेतून अँटनीला भेटायला आली. पौलाच्या आजोबांच्या वयाच्या लोकांनी काठावर उभं राहून ती नाव पाहिली असणार. सिसेरो, रोमचा तो मोठा वक्ता, तो इथे वर्षभर गव्हर्नर होता. आणि भूगोल लिहिणारा स्ट्राबो म्हणतो की शिकण्याचा नाद या लोकांना इतका की अथेन्स आणि अलेक्झांड्रियाही मागे पडावीत, फक्त एक, शिकलेली पोरं बाहेर जातात ती परत येत नाहीत. ओळखीची तक्रार आहे नं?

धंद्याचंही सांगतो. तिकडच्या डोंगरी बकऱ्यांच्या केसांचं जाड, राठ कापड व्हायचं, आपल्या घोंगडीसारखं पण घोंगडीहून चरचरीत, त्याचे तंबू, जहाजावरची आच्छादनं वगैरे करायचे, आणि त्या कापडाला किलिकिया प्रांताच्या नावावरूनच किलिकियम म्हणायचे, पैठणची ती पैठणी तसं. पौलाचा हातातला धंदा तंबू शिवायचा. पुढे करिंथ शहरात तो अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे राहिला तो हाच धंदा करत, ते पण तंबूवालेच. गावाने याला दोन गोष्टी दिल्या असं मला वाटतं, अस्खलित ग्रीक आणि हातात सुई.

आता इथे एक मेख आहे. तार्सचा रहिवासी असणं आणि तार्सचा नागरिक असणं या तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पौलानंतर दोनेक पिढ्यांनी डिओ नावाचा एक वक्ता तार्सला आला आणि त्याने गावकऱ्यांना भर सभेत सुनावलं की तुमचे हे लिननचे विणकर इथेच जन्मले, त्यांचे बाप आजे इथलेच, आणि तुम्ही त्यांना परकं समजता, का तर यादीत नाव घालायला 500 द्राख्मे लागतात ते त्यांच्याकडे नाहीत. एक द्राख्मा म्हणजे मजुराची दिवसाची कमाई धरा, म्हणजे दीड वर्ष राबायचं आणि खायचं मात्र काही नाही, तेव्हा कुठे आपल्याच गावात आपण गावकरी. त्यामुळे पौलाचं घराणं त्या यादीत होतं का, की तो नुसता 'आम्ही तार्सचे' या अर्थाने बोलला, यावर अभ्यासक अजून भांडतात. शिवाय यहूदी माणसाला ग्रीक शहराच्या देवादिकांच्या सणात भाग घेणं अवघड, तीही अडचण. मला विचाराल तर जिन्यावर त्या क्षणी तो यादीबिदी सांगत नव्हता, तो सांगत होता की मी तुमचा रानातला दरोडेखोर नाही, चांगल्या गावचा माणूस आहे, मला बोलू द्या. आणि सरदाराने बोलू दिलं. गावाच्या नावाचा एवढाच उपयोग झाला.

मग पौल जिन्यावरून लोकांशी त्यांच्या भाषेत बोलला, जन्म तार्सचा पण वाढलो इथे, गमलिएल गुरुजींच्या पायाशी शिकलो असं सगळं सांगितलं, लोक ऐकत होते, पण परराष्ट्रीयांचा विषय निघाला आणि पुन्हा धूळ उधळायला सुरुवात. सरदाराला त्यांची भाषा कळली नसणार, त्याने ऑर्डर दिली, आत घ्या आणि फटके मारून कबूल करून घ्या. हे फटके म्हणजे साधी वेताची छडी नव्हे, चामड्याच्या वाद्यांना हाड नाहीतर धातूचे तुकडे बांधलेला आसूड, त्यात माणसं मरायची. पौलाला वाद्यांनी ताणून बांधलं, आणि तेव्हा तो बाजूच्या शताधिपतीला शांतपणे विचारतो, रोमी माणसाला, तेही चौकशी न करता, फटके मारायची तुम्हाला परवानगी आहे का?

बस, एवढंच. शताधिपती पळत सरदाराकडे, सरदार पळत पौलाकडे. तू रोमी आहेस? हो. सरदार म्हणतो, मी हे नागरिकत्व मोठी रक्कम भरून घेतलंय. पौल म्हणतो, मी जन्मापासूनच आहे.

सरदाराचं नाव क्लौद्य लुसिया, आणि नागरिकत्व मिळालं की त्या वेळच्या सम्राटाचं नाव लावायची रीत होती, म्हणजे याने ते क्लौद्य बादशहाच्या काळात, इ.स. 41 ते 54 मध्ये मिळवलेलं दिसतं. त्या काळात दरबारात बादशहाच्या बायकोपासून सगळे हा माल विकत होते, आधी भाव चढा होता आणि शेवटी इतका पडला की लोक थट्टेने म्हणायचे, फुटकी काच दिली तरी नागरिक होता येतं. खोटं सांगणाऱ्याला मात्र याच क्लौद्याने मृत्युदंड दिलेत, त्यामुळे तोंडी 'मी रोमी' म्हटलं तरी चटकन विश्वास बसायचा, खोटं कोण बोलेल जिवावर उदार होऊन. पौलाच्या बापाला की आजाला ते कसं मिळालं याचा पत्ता नाही. पुढे चौथ्या शतकात जेरोमने लिहून ठेवलंय की घराणं मूळचं गालीलातलं, गिस्कालाचं, तिथून तार्सला आणलं गेलं, त्यावर तर्क पुष्कळ लढवले जातात, पक्कं काही नाही.

गंमत पुढे आहे. पौलाच्या भाच्याला कटाची कुणकुण लागली, चाळीसहून जास्त माणसांनी शपथ घेतली होती पौलाला मारल्याशिवाय अन्नपाणी घेणार नाही म्हणून, तेव्हा सरदाराने रातोरात त्याला कैसरियाला, रोमन सुभेदाराच्या मुक्कामी, रवाना केलं, बरोबर 200 शिपाई, 70 घोडेस्वार, 200 भालेवाले, एका तंबूवाल्यासाठी! आणि साहेबांना पत्र लिहिलं की हा रोमी आहे असं समजल्यावरून मी याला सोडवलं. समजलं कधी? बांधून घातल्यावर. सरकारी रिपोर्ट दोन हजार वर्षांपूर्वीही असेच लिहायचे.

याच्या काही वर्षं आधी फिलिप्पै शहरात उलटं झालेलं. तिथे पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकात छड्यांनी मारून तुरुंगात टाकलं, आणि सकाळी जा आता म्हणून निरोप आला तेव्हा पौल अडून बसला, आम्ही रोमी असून चौकशी न करता उघड मारलंत आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आले बिचारे अधिकारी, मनधरणी करत. पण मग मार खायच्या आधी का नाही सांगितलं? गोंगाटात ऐकलं नसेल कुणी, किंवा सीलाला एकट्याला मागे टाकून स्वतःची कातडी वाचवायची नसेल, पण सीला पण रोमी असं पौलच म्हणतो, मग ते बसत नाही. स्वतःच्या एका पत्रात तो लिहितो की मला तीनदा छड्या बसल्यात. रोमी असूनही तीनदा. म्हणजे हा कार्ड काढायचा तो फार विचार करून.

शेवटचं कार्ड कैसरियात. दोन वर्षं तिथे कैदेत कुजल्यावर नवीन सुभेदार फेस्त म्हणाला, यरुशलेमला चलतोस का, तिथे खटला चालवू. वाटेत काय होणार हे पौलाला ठाऊक होतं. तो म्हणाला, मी कैसरापाशी, म्हणजे सम्राटापाशी, न्याय मागतो. झालं, फाईल रोमला. जहाज माल्टाजवळ फुटलं, तरी पोचला, आणि भाड्याच्या घरात दोन वर्षं पहाऱ्यात राहिला.

आता विचित्र गोष्ट ऐका. हे सगळं आपल्याला दुसऱ्याने लिहिलेल्या पुस्तकातून कळतं. पौलाच्या स्वतःच्या पत्रांमध्ये तार्स हा शब्द एकदाही नाही, आणि मी रोमी नागरिक हेही कुठे नाही. म्हणून काही अभ्यासक नागरिकत्वावरच शंका घेतात, मला ती तितकीशी पटत नाही, नाहीतर तो रोमपर्यंत पोचला कसा हे सांगणं अवघड होतं. पत्रात तो स्वतःबद्दल सांगतो ते, आठव्या दिवशी सुंता झालेला, बन्यामिनाच्या वंशाचा, इब्र्यांचा इब्री. आणि हे लिहिलंय कुणाला? फिलिप्पैकरांना, निवृत्त रोमन शिपायांनी वसवलेलं, रोमीपणाचा तोरा मिरवणारं गाव. त्याच पत्रात पुढे तो त्यांना म्हणतो, आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे. ज्या गावात अधिकाऱ्यांना माफी मागायला लावली तिथे हे वाचलं जाताना पौलाला कोंडणारा तिथला तुरुंगाचा नाईक, तोही विश्वासात आला होता, ऐकत बसला असेल तर त्याला काय वाटलं असेल, मी कधीकधी विचार करतो.

परंपरा सांगते की नीरोच्या काळात रोमच्या वेशीबाहेर त्याचा शिरच्छेद झाला. पेत्र या दुसऱ्या प्रेषिताला क्रूस, पौलाला तलवार, कारण नागरिकाला सहसा क्रूसावर देत नसत, कागदाने शेवटी एवढी सवलत दिली. ऑस्टियाच्या रस्त्यावर त्याच्या नावाचं मोठं चर्च आहे, तिथे वेदीखाली दगडी शवपेटी असल्याचं 2006 मध्ये जाहीर झालं. वर संगमरवरी फरशी, तिला तीन भोकं, आणि लॅटिन अक्षरं कोरलीत, पौल, प्रेषित, हुतात्मा. तार्सचं नाव काही त्यात नाहीये. नमस्कार.