पीटरबरोच्या साधूंची बखर

नमस्कार मंडळी, 1066 साल शाळेत कधीतरी कानावरून गेलेलं असतंच. हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड पडला, फ्रान्सच्या उत्तरेकडच्या नॉर्मंडीचा विल्यम जिंकला आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी वेस्टमिन्स्टरला राजा होऊन बसला. पुढचं मात्र फारसं कोणी सांगत नाही. दरबारात फ्रेंच, चर्चच्या आणि सरकारी कागदांत लॅटिन, मोठमोठ्या जमिनी नॉर्मन सरदारांकडे, आणि इंग्रजी उरली ती शेतात, बाजारात, स्वयंपाकघरात. इंग्रजीत लिहून आता कोणाला काय मिळणार होतं?

तरी पूर्व इंग्लंडात पीटरबरो नावाच्या गावी एका मठातले साधू लिहीत राहिले. नवव्या शतकातल्या आल्फ्रेड या इंग्रज राजाच्या काळापासूनची पद्धत होती, कुठल्या वर्षी काय घडलं ते इंग्रजीत नोंदवायचं, आपल्याकडच्या बखरींसारखंच म्हणा. बाकीच्या मठांमध्ये हे काम एकेक करून थांबलं, इथे ते 1154 पर्यंत चाललं. मध्ये 1116 ला मठाला आग लागून जवळजवळ सगळं जळालं, मग यांनी कुठून तरी दुसऱ्यांची प्रत आणली आणि 1121 पर्यंतचा मजकूर बसून उतरवून काढला. उतरवताना अधूनमधून आपल्या मठाला कुठल्या राजाने कुठली जमीन दिली त्याचे दाखलेही घुसडून दिले, आणि त्यातले बरेचसे बनावट आहेत असं अभ्यासक सांगतात! साधू झाले म्हणून काय, जमिनीचे कागद सगळ्यांनाच लागतात.

पण गंमत आहे ती यांच्या तोंडाळपणात. 1085 च्या नोंदीत विल्यमने सगळ्या देशाची मोजणी करायला माणसं पाठवली ते येतं, ज्यातून पुढे डूम्सडे बुक तयार झालं. लिहिणारा म्हणतो, एक बैल, एक गाय, एक डुक्करसुद्धा नोंदीतून सुटलं नाही, सांगायलाही लाज वाटते पण त्याला करायला वाटली नाही. 1087 ला विल्यम मेला, तेव्हाची नोंद तर अशा माणसाची आहे जो म्हणतो मी त्याला डोळ्यांनी पाहिलंय, त्याच्या दरबारात राहिलोय. तो राजाचं कौतुकही करतो, सोनं घेऊन कोणीही देशभर फिरावं, कोणी हात लावणार नाही असा वचक होता म्हणतो, आणि मग एकदम यमकं जुळवत सुनवायला लागतो, किल्ले बांधले, गरिबांना छळलं, हरीण मारलं तर डोळे काढायचा कायदा केला, हरणांवर तर इतकं प्रेम की जणू त्यांचा बापच. ही ओळ मला फार आवडते, राग आणि टोमणा दोन्ही एका वाक्यात.

आणि हे फक्त राजापुरतं नाही हं. 1127 ला पहिल्या हेन्री राजाने आपल्याच नात्यातला एक फ्रेंच मठाधिपती यांच्या डोक्यावर बसवला, त्याच्याकडे फ्रान्समध्ये आधीच एक मठ होता तरी. आमच्या लेखकाने लिहून टाकलं की पोळ्यातल्या नर माशीसारखा राहिला, मधमाश्यांनी आणावं आणि याने खावं. तो आला तेव्हाच म्हणे रात्री रानात काळे, धिप्पाड, भेसूर शिकारी दिसले, काळ्या घोड्यांवर आणि काळ्या बोकडांवर बसलेले, सोबत मोठ्या डोळ्यांची काळी कुत्री, आणि शिंगं फुंकल्याचा आवाज मठातल्यांनी ऐकला. माझ्या मते भुतांपेक्षा मठाधिपतीची चीड जास्त आहे त्यात.

शेवटचा लेखक वेगळा. 1132 ते 1154 ची नोंद त्याने मागाहून एकदमच लिहिली, त्यात स्टीफन राजाच्या काळातली यादवी आहे. 1137 खाली तो सांगतो, सरदारांनी किल्ले बांधले आणि त्यात सैतान भरले, पैशासाठी लोकांना पकडून अंगठ्यांना टांगायचे, खालून धूर करायचे, कपाळाभोवती गाठी मारलेली दोरी आवळायचे, साप आणि बेडूक असलेल्या कोठडीत टाकायचे. एकोणीस वर्षं हे चाललं आणि लोक उघड म्हणायला लागले की ख्रिस्त आणि त्याचे संत झोपलेत. मठात राहणारा माणूस हे लिहितोय, लक्षात घ्या. याच्या इंग्रजीतून जुने प्रत्यय गळत चाललेत, शब्द पुढेमागे करायची मोकळीक कमी होत चाललीय, म्हणजे आज आपण शिकतो त्या इंग्रजीकडे ती वळताना इथे दिसते.

1154 ला स्टीफन मेला, दुसरा हेन्री राजा झाला, पीटरबरोला नवा मठाधिपती आला आणि बखर थांबली. ती प्रत आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत आहे. तिच्या शेवटच्या पानांवर मधे इंग्रजी मजकूर आणि कडेच्या मोकळ्या जागेत तेराव्या शतकात कोणीतरी लिहिलेला दुसराच एक छोटा इतिहास आहे, आणि तो फ्रेंचमध्ये आहे. कोरं चामडं महाग, रिकामी जागा कोण सोडतंय!